तेहेतीस मिनिटांचा हिशेब

२७ सप्टेंबर २०२२ची पहाट. आदल्याच दिवशी घरोघरी घट बसले होते. आपल्याकडे ४ वाजून ४४ मिनिटं झाली असताना, पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटरवर एक यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगानं एका दगडावर जाऊन आदळलं. मुद्दाम. यानाचं नाव डार्ट, दगडाचं नाव डायमॉर्फस.

तो व्हिडिओ तुम्ही तेव्हा मोबाईलवर पाहिलाही असेल. काळ्या पडद्यावर एक ठिपका, मग दोन ठिपके, मग त्यातला लहान ठिपका मोठा होत होत पूर्ण पडदा व्यापतो. दगडगोटे दिसायला लागतात. शेवटचं चित्र अर्धंच येतं, कारण उरलेलं अर्धं पाठवायला यान शिल्लकच नव्हतं. अमेरिकेतल्या नियंत्रणकक्षात लोक उड्या मारतात, मिठ्या मारतात.

त्या क्षणी एवढंच ठरलं होतं की नेम बसला. दगड हलला का, किती हलला, हे त्या खोलीतल्या कुणालाही सांगता आलं नसतं. उत्तर यायला दोन आठवडे लागले. आणि आलं ते किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांमध्ये आलं. डायमॉर्फसला आपल्या मोठ्या भावाभोवती एक फेरी मारायला धडकेआधी ११ तास ५५ मिनिटं लागत होती, आता ११ तास २३ मिनिटं लागतात, असं ११ ऑक्टोबरला जाहीर झालं. पुढे मोजमाप आणखी बारीक झालं आणि फरक ३३ मिनिटांवर स्थिरावला.

आकाशातल्या एखाद्या वस्तूची चाल माणसानं मुद्दाम बदलली आणि तो बदल मोजूनही दाखवला, असं पहिल्यांदाच घडलं होतं. धडकेचं कौतुक खूप झालं. पण ही ३३ मिनिटं मोजता आली ती एका जुन्या, चिकट आणि बिनझगमगाटाच्या विद्येमुळे: एका ठिपक्याचा उजेड कमीजास्त होताना बघत बसायचं आणि त्यातून घड्याळ वाचायचं. या विद्येला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात चुकलेले अंदाज आहेत आणि फसलेल्या बातम्याही आहेत.

१९०१ सालातल्या दोन कल्पना

१३ ऑगस्ट १८९८ला बर्लिनमध्ये गुस्ताव विट यांना एक नवा लघुग्रह सापडला. तोवर माहीत असलेले लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरणारे होते. हा मात्र मंगळाची कक्षा ओलांडून आत येत होता, पृथ्वीच्या बराच जवळ. त्याचं नाव ठेवलं इरॉस. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांमधला हा पहिला.

१९०१च्या सुरुवातीला लक्षात आलं की इरॉसचा उजेड स्थिर नाही. काही तासांत तो ठळकपणे कमी होतो, पुन्हा वाढतो, पुन्हा कमी होतो. फ्रान्समधल्या लियों वेधशाळेचे शार्ल आंद्रे यांनी याचा एक अर्थ लावला. इरॉस एक नाही, दोन आहेत. दोन दगड एकमेकांभोवती फिरतात, एकानं दुसऱ्याला झाकलं की उजेड कमी होतो.

कल्पना हवेतली नव्हती. अशा झाकाझाकीमुळे मंदावणारे जोडतारे तेव्हा माहीत होते, आंद्रे यांनी तोच तर्क लघुग्रहाला लावला. पण ते चुकले. इरॉस एकच आहे. तो साधारण ३४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद, एखाद्या वाकड्या शेंगदाण्यासारखा. फिरताना कधी लांब बाजू आपल्याकडे येते, कधी अरुंद, म्हणून उजेड बदलतो. आंद्रे यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी २००१मध्ये, नियर शूमेकर हे यान त्याच इरॉसवर जाऊन उतरलं, तोवर त्याचा आकार आपल्याला पाठ झाला होता.

त्याच १९०१च्या सुमारास रशियात राहणाऱ्या इव्हान यार्कोव्हस्की नावाच्या इंजिनिअरनं स्वतःच्या खर्चानं एक छोटी पुस्तिका छापली. हे मूळचे पोलिश, काम रेल्वेतलं, खगोलशास्त्राची रीतसर पदवी नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की सूर्यानं तापलेला दगड फिरता फिरता ती उष्णता बाहेर टाकतो आणि त्यातून दगडाला अगदी हलका ढकला बसतो. उन्हाचा ढकला! पुस्तिकेकडे कुणी लक्ष दिलं नाही. १९०२मध्ये यार्कोव्हस्की वारले. एस्टोनियाचे खगोलशास्त्रज्ञ अर्न्स्ट ओपिक यांनी १९०९च्या आसपास ती वाचली होती. तब्बल चार दशकांनी, १९५१मध्ये, त्यांनी आठवणीतून तिचा उल्लेख एका लेखात केला, म्हणून ती कल्पना वाचली.

आंद्रे यांची कल्पना त्या लघुग्रहापुरती चुकीची होती, पण पद्धत पक्की होती. यार्कोव्हस्कींची कल्पना बरोबर होती, पण तिला वाचक नव्हता. आपल्या जुळ्या लघुग्रहाच्या गोष्टीत या दोन्ही कल्पना परत येणार आहेत.

दिसलं, दिसलं, नाही दिसलं

लघुग्रहाला उपग्रह असू शकतो का, हा प्रश्न नंतर बराच काळ टिंगलीचा विषय होता. लघुग्रहच मुळात इवलासा, त्याचं गुरुत्व ते काय, त्याला कशाचा आलाय चंद्र?

१९७८मध्ये हर्क्युलिना नावाचा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला. अशा घटनेला पिधान म्हणतात: लघुग्रह मध्ये आला की तारा काही सेकंद विझतो. त्या वेळी तारा मुख्य पिधानाशिवाय आणखी थोडा वेळ विझल्यासारखा वाटला, आणि हर्क्युलिनाला उपग्रह आहे अशी बातमी पसरली. नंतर हबल दुर्बिणीनं त्या जागी नीट पाहिलं, तर काहीच नव्हतं. अशा काही बातम्या विरून गेल्यामुळे शहाणे लोक या विषयापासून दोन हात लांबच राहायला लागले.

मग २८ ऑगस्ट १९९३ला गॅलिलिओ हे यान गुरूकडे जाता जाता इडा नावाच्या लघुग्रहाजवळून गेलं. यानाचा मुख्य अँटेना नीट उघडलाच नव्हता, त्यामुळे फोटो थेंबाथेंबानं येत होते. फेब्रुवारी १९९४मध्ये ॲन हार्च ते तपासत होत्या. इडाच्या बाजूला एक ठिपका होता. दीड किलोमीटरही नसलेला, गोलसर, इडाभोवती फिरणारा खराखुरा चंद्र. त्याचं नाव डॅक्टिल. सगळ्यांना मान्य झालेली ही पहिली जोडी.

टिंगल थांबली. आता प्रश्न बदलला: अशा जोड्या आणखी किती? प्रत्येकीकडे यान पाठवणं शक्य नव्हतं. जमिनीवरून त्या कशा ओळखायच्या?

एका वाक्याच्या शेवटचं प्रश्नचिन्ह

चेक प्रजासत्ताकात प्राग शहराबाहेर ओंद्रेयोव नावाची वेधशाळा आहे. तिथली ६५ सेंटिमीटरची दुर्बीण जगातल्या मोठ्या दुर्बिणींपुढे किरकोळच. पण तिथे पेट्र प्रावेत्स नावाचे खगोलशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं लघुग्रहांचा उजेड मोजत आले आहेत.

ते करतात काय, तर दर काही मिनिटांनी एकाच ठिपक्याचा उजेड नोंदवायचा आणि त्याचा आलेख काढायचा. लघुग्रह एकटा असेल तर आलेखात एकच लय सापडते, त्याच्या स्वतःभोवती फिरण्याची. १९९४ एडब्ल्यू१ नावाच्या लघुग्रहाच्या आलेखात त्यांना दोन लयी एकात एक मिसळलेल्या दिसल्या. एक लय भरभर, एक संथ. तबल्याच्या ठेक्याखाली दूरवर कुणी दुसराच ताल धरल्यासारखी. भरभर लय मोठ्या दगडाच्या गिरकीची, आणि संथ लय म्हणजे लहान दगड मोठ्याच्या पुढून-मागून जाताना होणारी ग्रहणं.

१९९७मध्ये प्रावेत्स आणि गेऱ्हार्ड हान यांनी यावर शोधनिबंध लिहिला. हा जोडलघुग्रह असल्याचं लक्षण आहे का, अशा अर्थाचं शीर्षक त्यांनी दिलं आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं. आंद्रे यांच्या इरॉसची आणि हर्क्युलिनाची गोष्ट माहीत असणाऱ्या माणसानं ते ठेवणं साहजिक होतं. ते प्रश्नचिन्ह पुसायला २०१५ साल उजाडलं. तेव्हा हा लघुग्रह पुन्हा जवळ आला आणि रडारनं त्याची जोडी स्पष्ट दाखवली.

रडार म्हणजे या विद्येची दुसरी बाजू. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनहून किंवा पोर्तो रिकोतल्या आरेसिबोहून रेडिओलहरी सोडायच्या आणि लघुग्रहावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. २०००च्या शरद ऋतूत या पद्धतीनं २००० डीपी१०७ हा पृथ्वीजवळचा लघुग्रह जोडीचा असल्याचं पक्कं ठरलं. मग रांगच लागली. आज असं मानलं जातं की पृथ्वीजवळच्या थोड्या मोठ्या लघुग्रहांपैकी साधारण १५ टक्के जोडीनं फिरतात. दर सहा-सात दगडांमागे एक जोडी! शंभर वर्षं ज्याची टिंगल झाली, ती गोष्ट अगदी रोजची निघाली.

थोरला आणि धाकटा

आता आपल्या जोडीकडे येऊ. ११ एप्रिल १९९६ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवर स्पेसवॉच प्रकल्पाच्या जो मोंतानी यांना एक लघुग्रह सापडला. त्याला १९९६ जीटी असा तात्पुरता क्रमांक मिळाला. पुढची सात वर्षं तो इतरांसारखाच एक ठिपका होता.

नोव्हेंबर २००३मध्ये तो पृथ्वीपासून सुमारे ७२ लाख किलोमीटरवरून गेला, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळपास १९ पट. खगोलशास्त्राच्या हिशेबात हे अगदी दारावरून जाणं. प्रावेत्स आणि त्यांच्या साथीदारांना त्याच्या उजेडाच्या आलेखात दोन लयी दिसल्या, आणि त्याच दिवसांत रडारनं दोन वेगळे प्रतिध्वनी पकडले. जोडी पक्की झाली. मोंतानी यांच्या सुचवण्यावरून नाव पडलं डिडिमॉस, ग्रीकमध्ये जुळा.

डिडिमॉसला सूर्याभोवती फिरायला ७७० दिवस लागतात, दोन वर्षांहून थोडे जास्त. त्याची कक्षा चांगलीच लांबट आहे. सूर्याच्या सगळ्यांत जवळ असतो तेव्हा तो पृथ्वीच्या कक्षेच्या जेमतेम बाहेर असतो, आणि दूर जातो तेव्हा मंगळाच्याही पलीकडे, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सव्वादोन पटीहून थोडा जास्त. कक्षा पृथ्वीच्या कक्षेला फक्त साडेतीन अंशांनी कललेली. म्हणजे तो आपल्याच पातळीत येतो-जातो, पण आपल्याला धडकण्याच्या बेतात नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

थोरला डिडिमॉस जवळपास पाऊण किलोमीटर रुंद आहे. धाकटा सुमारे दीडशे मीटर. दोघांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, सुमारे १ किलोमीटर १९० मीटर. आणि धाकट्याचा वेग? सेकंदाला १७ सेंटिमीटर. रांगणारं मूलही त्याच्यापुढे निघून जाईल. साडेसात किलोमीटरची ती गोल वाट चालायला त्याला जवळपास बारा तास लागत.

इथे घड्याळाचा पहिला मोठा उपयोग होतो. दोघांतलं अंतर आणि एका फेरीचा वेळ, एवढं कळलं की केप्लरच्या नियमावरून जोडीचं वजन काढता येतं. एकट्या दगडाचं वजन दुरून काढता येत नाही, जोडीचं येतं. डिडिमॉस आणि त्याच्या चंद्राचं मिळून वजन भरलं साधारण ५४ कोटी टन. इतक्या आकाराचा दगड अखंड असता तर याहून जड भरला असता. म्हणजे आत पोकळ्या आहेत. हा एकसंध खडक नाही, खडी, मुरूम आणि मोठे धोंडे यांचा गुरुत्वानं कसाबसा धरलेला ढिगारा आहे.

उन्हानं घडवलेला चंद्र

असा ढिगारा जुळा कसा झाला? इथे रेल्वेतले यार्कोव्हस्की परत येतात.

उन्हाचा ढकला सगळीकडे सारखा बसत नाही, कारण दगड वेडावाकडा असतो. त्यामुळे दगडाला अगदी हळू पीळ पडतो आणि त्याची गिरकी लाखो वर्षांत वाढत किंवा कमी होत जाते. यार्कोव्हस्कींच्या आणि त्यांच्यानंतर या विचारात भर घालणाऱ्या तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून या परिणामाला यॉर्प म्हणतात. २००७मध्ये एका छोट्या लघुग्रहाची गिरकी वर्षागणिक खरंच वाढते आहे हे मोजून सिद्ध झालं.

ढिगाऱ्याची गिरकी किती वाढू शकते याला मर्यादा आहे. साधारण २ तास १२ मिनिटांत एक गिरकी, याहून वेग वाढला तर पोटावरचे दगड गुरुत्वाला जुमानत नाहीत. पिठाच्या गिरणीत धान्य जातं फेकलं कडेला, तसे ते विषुववृत्ताकडे सरकतात आणि सुटतात. सुटलेला माल आजूबाजूला फिरतो, एकत्र येतो, आणि त्याचा चंद्र होतो. डिडिमॉसची गिरकी २ तास १६ मिनिटांची आहे. म्हणजे तो अगदी काठावर उभा आहे. त्याचा आकारही भोवऱ्यासारखा, मधे फुगलेला आहे.

म्हणून डायमॉर्फस हा कुठून तरी आलेला पाहुणा नाही. तो थोरल्याच्याच अंगातून निघालेला आहे, उन्हानं वेगळा केलेला.

जोडीच का?

लघुग्रहाला धक्का देऊन बाजूला सारावं, ही कल्पना जुनी आहे. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर येणारा धूमकेतू वळवायला अणुस्फोटाचा मार्ग घेतला जातो. सिनेमांतही हमखास बॉम्ब असतो. इंजिनिअरांना मात्र साध्या धडकेत जास्त रस होता. वेळेत कळलं, तर थोडासा धक्काही पुरेसा. दहा-वीस वर्षांत तो थोडासा फरक हजारो किलोमीटरचा होतो.

अडचण ही की तो थोडासा फरक मोजायचा कसा? जुलै २००५मध्ये डीप इम्पॅक्ट मोहिमेनं टेम्पल १ या धूमकेतूवर ३७० किलोचा गोळा आदळवला. उजेड झाला, धूळ उडाली, पण कक्षेतला बदल मोजण्याइतका नव्हताच. सूर्याभोवती सेकंदाला वीस-तीस किलोमीटरनं पळणाऱ्या वस्तूच्या वेगात मिलिमीटरचा फरक शोधायचा म्हणजे एक्स्प्रेस गाडीवर माशी बसल्यानं गाडी किती मंदावली हे विचारणं.

युरोपच्या अवकाशसंस्थेनं यावर डॉन किहोते नावाची योजना आखली होती. तीत दोन यानं होती. हिदाल्गो आदळणार, आणि सांचो आधीच तिथे पोचून बदल मोजणार. दोन यानं म्हणजे खर्च दुप्पट. योजना कागदावरच राहिली.

मग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणारे अँडी चेंग यांच्या डोक्यात आलं, धक्का एकट्या लघुग्रहाला कशाला द्यायचा? जोडीतल्या धाकट्याला देऊ. तो सेकंदाला १७ सेंटिमीटरनं चालतो. त्याच्या वेगात दोन-तीन मिलिमीटर म्हणजे मोठा फरक. तो फरक फेरीच्या वेळेत उतरेल. आणि फेरीची वेळ तर पृथ्वीवर बसून, ग्रहणं मोजून काढता येते! दुसरं यान लागणारच नाही, त्याचं काम दुर्बिणी करतील. वर आणखी सोय अशी की धक्का बसूनही जोडी सूर्याभोवतीच्या आपल्या वाटेवर जवळपास तशीच राहील, पृथ्वीला धोका नाही.

यासाठी पृथ्वीवरून ग्रहणं दिसतील अशी कलती कक्षा हवी आणि धडकेच्या वेळी जोडी जवळ हवी. डिडिमॉस २०२२च्या शरद ऋतूत तसाच येणार होता. निवड झाली. धाकट्याला तोवर स्वतःचं नाव नव्हतं. २०२०मध्ये थेसालोनिकीच्या विद्यापीठातले क्लेओमेनिस त्सिगानिस यांनी सुचवलेलं नाव ठरलं: डायमॉर्फस, म्हणजे दोन रूपांचा. एक रूप धडकेआधीचं, एक नंतरचं. नाव देतानाच त्याचं भविष्य लिहून ठेवलं होतं.

धडक आणि मोजणी

डार्ट नोव्हेंबर २०२१मध्ये निघालं. आदळताना वजन सुमारे ५८० किलो. ज्याला मारायचं तो दगड यानाच्या कॅमेऱ्याला वेगळा दिसायला लागला तो धडकेच्या जेमतेम तासभर आधी. शेवटच्या तासांत यान स्वतःच स्वतःला हाकत होतं, कारण पृथ्वीवरून हुकूम पोचायलाच ३८ सेकंद लागत होते.

५८० किलोचं यान आणि सुमारे ४३ लाख टनांचा दगड. नुसता यानाचा जोर धरला तर दगडाच्या वेगात एक मिलिमीटरही फरक पडायला नको. प्रत्यक्षात पडला २.७ मिलिमीटर. कारण ढिगारा. यान घुसल्यावर माल उलट्या दिशेनं उसळला आणि त्या उसळण्यानं दगडाला आणखी मागे रेटलं, दिवाळीतला बाण जसा खाली जाळ सोडत वर जातो. उडालेल्या धुळीची शेपटी हजारो किलोमीटर लांब झाली. नंतर हबल दुर्बिणीला जोडीबरोबर वाहत जाणारे ३७ धोंडेही दिसले.

त्या काळात अनेक देशांतल्या दुर्बिणींवर रात्रीमागून रात्र तोच जुना उद्योग चालला होता. ठिपक्याचा उजेड मोजा, ग्रहण कधी लागलं ते टिपा. गोल्डस्टोन आणि ग्रीन बँकचे रडार धाकट्याचा प्रतिध्वनी ऐकत होते. आरेसिबोची थाळी मात्र नव्हती, ती डिसेंबर २०२०मध्ये कोसळली होती. फेरीची वेळ ७३ सेकंदांनी बदलली तरी मोहीम यशस्वी मानायची, असं आधी ठरलं होतं. बदल निघाला त्याच्या पंचवीसपटीहून जास्त.

२०२४मध्ये शंतनु नायडू यांच्या नेतृत्वाखालच्या संशोधकांनी सगळ्या नोंदी एकत्र करून नवा हिशेब मांडला. फेरी ३३ मिनिटं १५ सेकंदांनी कमी झाली, धाकटा थोरल्याच्या ३७ मीटर जवळ आला, आणि त्याचा आकारही बदलला. आधी तो वरून दाबलेल्या चेंडूसारखा होता, आता एका दिशेनं लांबट झाला आहे. हे सगळं एका ठिपक्याच्या उजेडावरून आणि रेडिओच्या प्रतिध्वनीवरून.

शेजारी म्हणजे जोडी नव्हे

अशा जोड्या पूर्वी पृथ्वीवर आदळल्या असतील, तर जोडीनं पडलेली विवरं सापडायला हवीत. कॅनडातली क्लिअरवॉटर सरोवरं ही शेजारीशेजारी असलेली दोन मोठी विवरं. अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत त्यांचं उदाहरण होतं: एकाच क्षणी पडलेले जुळे दगड. मग खडकांची वयं नीट मोजली. एक विवर साधारण २९ कोटी वर्षांचं, दुसरं ४६ कोटींहून जुनं. कोट्यवधी वर्षांच्या अंतरानं पडलेले दोन परके.

आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. बेसॉल्टमध्ये आघातानं झालेलं, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. त्याच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर अंबर तळं नावाचा लहान खोलगट भाग आहे, काहीजण त्याला छोटं लोणार म्हणतात. तोही त्याच वेळी पडलेल्या एखाद्या तुकड्यानं झाला, असं काही संशोधकांनी सुचवलं. इतरांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. इथेही नकाशावरचं शेजारपण पुरावा ठरत नाही. इरॉसपासून क्लिअरवॉटरपर्यंत धडा एकच आहे: जोडी डोळ्यांनी ठरत नाही, घड्याळानं ठरते.

आणि हा धडा फक्त पंडितांपुरता नाही. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर जेमतेम वीस मीटरचा दगड हवेतच फुटला. खिडक्यांच्या काचा फुटून वगैरे सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. तो सूर्याच्या बाजूनं आला होता, आधी कुणालाच दिसला नव्हता. डायमॉर्फस त्याच्या सात-आठ पट रुंद आहे, एवढा दगड शहरावर पडला तर शहर उरणार नाही. अशा, म्हणजे १४० मीटर आणि त्याहून मोठ्या, पृथ्वीजवळच्या लघुग्रहांपैकी निम्मेही अजून सापडलेले नाहीत. डार्टनं दाखवलं की ढकलता येतं. पण ढकलायला आधी सापडायला हवा, त्याची कक्षा कळायला हवी, तो खडक आहे की ढिगारा हे कळायला हवं. आणि ढकलल्यावर पुरेसं ढकललं का, हे मोजायला कुणीतरी रात्रभर जागायला हवं. यान बनवायला पैसा मिळतो, कारण धडकेचा व्हिडिओ होतो. उजेडाच्या आलेखाचा व्हिडिओ होत नाही.

युरोपचं हेरा यान ७ ऑक्टोबर २०२४ला निघालं आहे. मार्च २०२५मध्ये ते मंगळाजवळून गेलं, आणि २०२६च्या अखेरीस डिडिमॉसला पोचेल. डॉन किहोतेच्या योजनेतला सांचो जे करणार होता ते काम आता हेरा करणार: धाकट्याचं वजन नेमकं किती, धडकेच्या जागी खड्डा राहिला आहे की सगळा दगडच नव्यानं मांडला गेला आहे, ते बघणार.

ते पोचेल तेव्हा त्या पृष्ठभागावर ओळखीचं एक नाव असेल. डायमॉर्फसवरच्या धोंड्यांना आणि विवरांना जगभरातल्या तालवाद्यांची नावं दिली आहेत. डार्ट ज्या दोन धोंड्यांच्या मध्ये आदळलं त्यांची नावं अताबाक आणि बोधरान, एक ब्राझीलचा ढोल, एक आयर्लंडचा. आणि तिथल्याच आणखी एका धोंड्याचं नाव आहे ढोल. दोन लयींवरून ओळखलेल्या जोडीला तालवाद्यांची नावं शोभतात. तो ढोल आता आधीपेक्षा ३३ मिनिटं लवकर फेरी पुरी करतो, आणि हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ताल मोजत बसलं होतं.